मामीला आणायला सुरतेला

अमळनेरहून सुरतेला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत भरताची हिरवी वांगी होती आणि डोक्यात एक तयार भाषण. वांगी आईने दिली होती. भाषण माझं स्वतःचं. मी विमा विकतो. ज्या माणसाला मरणाचं नावही काढायचं नसतं, त्याला समोर बसवून, गोडीत घेऊन त्याची सही मिळवायची हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे घरात कोणाची समजूत घालायची वेळ आली की सगळे माझ्याकडे पाहतात.

या वेळी समजूत घालायची होती विमलमामीची. माझ्या सख्ख्या मामाची ती बायको. मामा सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्यात मिस्त्री होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मामी तिथल्याच डिंडोलीत एकटी राहते आणि सत्तरी ओलांडली तरी नाटकात काम करते. आमच्याकडे 'नाटकात काम करते' हे अजून जरा आवाज खाली करूनच सांगतात. अलीकडेच एका प्रयोगात ती पायरी चुकून पडली. तिला नुसता मुका मार लागला होता, पण सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या एका नातेवाइकाच्या तोंडून ही बातमी अमळनेरला पोचेपर्यंत तिचे दोन्ही पाय मोडले होते.

"तिला घेऊनच ये," आई म्हणाली. "हट्टी आहे. पण तू लोकांना मरायला तयार करतोस, तुला हे काय अवघड?"

थंडीचे दिवस होते. सकाळच्या पॅसेंजरला खिडकी मिळाली. नंदुरबार गेलं, नवापूर आलं. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, तो मधोमध दोन राज्यांत वाटलेला. गाडी थांबल्यावर मी उतरून मुद्दाम त्याच्या मध्यावर बसलो. मला काहीच वेगळं वाटलं नाही. गाडी हलली तेव्हा मात्र धावावं लागलं, आणि त्या गडबडीत एक वांगं महाराष्ट्रातच राहिलं.

समोरच्या बाकावर एक बाई होत्या. गोडादऱ्याला राहणाऱ्या, घरी साड्यांना लेस लावायचं काम करणाऱ्या. मूळ गाव पारोळ्याजवळचं. कोणाकडे निघालात म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"विमलबा? नाटकवाली?" बाईंनी डोळे मोठे केले. "अहो, तिला मी चप्पल दाखवली होती!"

"का?"

"गणपतीत नाटक होतं. ती सासू झालेली. सुनेचं ताट असं पायाने सरकवलं की माझा हात आपोआप खाली गेला. शेजारणीने धरलं म्हणून बरं." मग अभिमानाने म्हणाल्या, "नंतर भेटायला गेले तर मला म्हणते, फेकायची होतीस की. माझं नाव झालं असतं."

व्यारा, बारडोली मागे पडली. उसाचे मळे संपून पलसाण्याकडच्या रंगाईच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागली. रुळांशेजारच्या नाल्यातलं पाणी थोडा वेळ जांभळं होतं, पुढे हिरवट. उधन्याला उतरून रिक्षा केली. गल्ल्यागल्ल्यांतून मागांचा खटखट आवाज येत होता, आणि पाट्या वाचाव्यात तर एक गुजराती, एक मराठी, एक हिंदी. डिंडोलीत शिरलो तेव्हा रिक्षावाल्याने कानाला लावलेल्या फोनवर बायकोशी अहिराणीत भांडण चालवलं होतं आणि गायीला हाकलताना मात्र तो गुजराती बोलत होता.

मामीला मी शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नात. मामा वारले तेव्हा आजारी होतो, येता आलं नाही. तिचे जे फोटो घरी येत त्यांत तिच्या चेहऱ्यावर कायम रंग, डोक्यावर कुठला तरी टोप. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून गुजराती पद्धतीने पदर पुढे घेतलेल्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एका बाई उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांना शेजारीण समजलो.

"कोनुं काम छे?" (कोण पाहिजे?)

"विमलबाई सोनवणे इथेच राहतात ना?"

बाईंनी मला खालून वर पाहिलं. मग गालावर हात ठेवून म्हणाल्या, "विमलबेन? ए तो परणी गयां!"

एवढं गुजराती मलाही कळत होतं. लग्न करून गेल्या!

माझ्या हातातली पिशवी खाली बसली आणि मागोमाग मी. बाईंनी आत नेलं, पाणी दिलं आणि अर्ध्या गुजराती, अर्ध्या हिंदीत हकिकत सांगितली. नवसारीचा कोणी विधुर होता, चिकूच्या वाड्या होत्या, प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसायचा. गेल्या आठवड्यात दोघांनी देवळात हार घातले. "बहु सारा माणस छे," (फार चांगला माणूस आहे) बाई म्हणाल्या आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या.

मला तर घाम फुटला. आईला हे कोणत्या तोंडाने सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. त्या भरात मी सगळं बडबडून गेलो. की मी तिला न्यायला आलोय, मागची खोली झाडून ठेवलीय, तिने नाही म्हटलं तर आधी पायाची काळजी दाखवायची, मग मामांची आठवण काढायची, तेही चाललं नाही तर आईची तब्येत बिघडलीय असं सांगायचं ठरलंय.

"मां की तबियत सच में बिगडी है क्या?"

"नाही हो, ठणठणीत आहे."

"वाटलंच," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या आणि लगेच अहिराणीवर आल्या. "बठ रे भाचा, आजून पानी पे. मीच शे तुनी मामी." (बस रे भाच्या, अजून पाणी पी. मीच आहे तुझी मामी.)

अशा रीतीने माझं भाषण सुरू होण्याआधीच संपलं. मामी मात्र हसून हसून खुर्चीचा हात धरून उभी होती, आणि उभी राहताना तिने सगळा भार डाव्या पायावर घेतला होता हे माझ्या तेवढ्यातही लक्षात आलं.

संध्याकाळी तिने वांगी भाजली. भरीत घोटता घोटता मला तिची सगळी कारकीर्द ऐकायला मिळाली. घरातल्या कोणी ती कधी विचारलीच नव्हती.

लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "विमलबेन, नवरां छो?" म्हणजे रिकाम्या आहात का. मामी रोज उत्तर द्यायची, "नवरा कामावर गेलाय." त्यातलं 'काम' तेवढं कळून शेजारणीला वाटलं नवी सून फार कामसू आहे.

चाळीत गणपतीचं नाटक बसायचं ते यांच्या खोलीला लागून. सगळे पुरुषच. नायिकेचं काम मागावर काम करणारा एक तरुण करायचा. प्रयोगाच्या दिवशी त्याला गालगुंड झालं. नायिकेचा एक गाल टरारून फुगलेला! आता काय करायचं म्हणून मंडळी डोक्याला हात लावून बसली, तेव्हा भिंतीपलीकडून तिसऱ्या अंकातलं भाषण ऐकू आलं. पोळ्या लाटता लाटता मामीला सगळं नाटक पाठ झालं होतं.

"मामा काय म्हणाले?"

"आधी काहीच नाही. पहिल्या रांगेत बसून राहिले. घरी आल्यावर म्हणाले, तू रडलीस तेव्हा माझ्याकडे पाहून रडलीस, तसं करू नकोस, लोक माझ्यावर संशय घेतात." मामीने भरतात मीठ टाकलं. "पुढच्या वर्षापासून तेच माझ्याकडून वाक्यं पाठ करून घ्यायचे. रात्रपाळीहून आले तरी."

पुढे एका गुजराती नाटकवाल्याने तिला पाहिलं आणि मराठी कामवालीची भूमिका दिली. तोवर ती फर्डं गुजराती बोलू लागली होती. दिग्दर्शक म्हणाला, नाही, मोडकंतोडकं बोला, लोक हसले पाहिजेत. आपण कष्टाने शिकलेली भाषा मोडायला तिला महिनाभर तालीम करावी लागली. मग कामवाल्या संपल्या आणि सासवा सुरू झाल्या. कोणीतरी गावी आणलेलं तिच्या नाटकाचं भित्तिपत्रक पाहून आमची आजी, म्हणजे तिची खरी सासू, सोक्षमोक्ष लावायला अमळनेरहून तडक सुरतेला आली होती. मामीने तिला नाटकालाच नेऊन बसवलं. नाटकात मामीने केलेली सासू म्हणजे हुबेहूब आमची आजी. तसंच नाक मुरडणं, तसंच कनवटीला हात लावत बोलणं. मामांनी डोळे मिटून घेतले.

"आणि आजी?"

"बाहेर येऊन म्हणाल्या, नाटकात ती सासू तेवढी शहाणी आहे, बाकी सगळे मूर्ख."

मला ठसका लागला. मामीने पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "उद्या दुपारी प्रयोग आहे. बघ. मग बोलू तुझ्या मागच्या खोलीबद्दल."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मामीने मला लोचो खायला पाठवलं. (लोचो म्हणजे फसलेला ढोकळा. फसला तो इतका चांगला फसला की सुरतेने त्याला वेगळं नाव दिलं.) त्यावर तेल, शेव, कांदा. तो चमच्याने खायचा की बोटांनी, हे मला कळेना, म्हणून दोन्ही तऱ्हांनी खाल्ला. नंतर अडाजणच्या पुलाजवळ पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर विकत होते, तोही घेतला. पुलावरून तापी पाहिली. आमच्याकडे ती दगडांतून वाट काढते, इथे समुद्र जवळ आल्यामुळे तिला अंग सुटलंय. पोंक खात मी पुन्हा भाषणाची जुळवाजुळव केली. आईची तब्येत वगळून.

नानपुऱ्यातल्या सभागृहात पोचलो तेव्हा रंगपटात धावपळ चालली होती. दिग्दर्शक जिग्नेशभाई, तिशीतला शिडशिडीत माणूस, केस ओढत उभा. शेवटच्या प्रवेशात टॅक्सीचा ड्रायव्हर येतो, ते काम करणारा नट आला नव्हता. लग्नात उंधियू (सुरती मिश्र भाजी) जास्त होऊन पोट बिघडलं म्हणे.

मामी आरशासमोर बसून होती. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "हा आहे की."

"मी? मला गुजराती येत नाही."

"ड्रायव्हर गमे त्यांनो होय," (कुठलाही असू शकतो) जिग्नेशभाईंचा चेहरा एकदम उजळला. "एकच वाक्य छे, साहेब."

"विमा विकतोस ना?" मामी म्हणाली. "मग एक वाक्य विकून दाखव."

नाटकाची गोष्ट साधी होती. म्हातारी बा (आई) आपल्या जुन्या घरात झोपाळ्यावर बसून साऱ्या कुटुंबाला नाचवते. शेवटी मुलगा घर विकतो, तिला आपल्या शहरी बोलावतो आणि टॅक्सी पाठवतो. ड्रायव्हर म्हणतो, "बा, गाडी तैयार छे. चालो." बा उठते, झोपाळ्याच्या कडीवरून हात फिरवते आणि त्याच्यामागून निघून जाते. पडदा.

मी खाकी सदरा घालून विंगेत उभा राहिलो. तिथून मामीचं काम पाहिलं. घरात भरीत घोटणारी बाई कुठे गेली कोण जाणे. ती नुसती मान वळवायची आणि सभागृह हसायचं. मुलगा घर विकल्याचं सांगतो, तेव्हा तिने झोपाळा पायाने थांबवला. समोर एवढी माणसं, पण कोणी खोकलं नाही.

मग मला कोणीतरी मागून ढकललं.

उजेडात गेलो. पाठ केलेलं वाक्य कसंबसं बाहेर आलं. "बा, गाडी तैयार छे. चालो."

मामीने माझ्याकडे पाहिलं. उठण्यासाठी झोपाळ्याची कडी धरली. मी एक पाऊल मागे झालो, जसं सांगितलं होतं तसं. ती उठली नाही. तिने पुन्हा कडीवर भार दिला. बोटं पांढरी पडली, पदराखालचा उजवा गुडघा थरथरला आणि तिथेच राहिला. विंगेत जिग्नेशभाई हातवारे करत होते. प्रेक्षकांना वाटलं बा घराचा निरोप घेतेय. मी हाताच्या अंतरावर होतो, मला दिसत होतं की ती उठूच शकत नाहीये.

ओठ न हलवता ती पुटपुटली, "पाय उठी नही ऱ्हायना." (पाय उठत नाहीये.)

तिला उचलावं का? पडदा पाडायला सांगावं का? एवढ्यात मामीने कडी सोडली, पदर सावरला, आरामात मागे टेकली आणि मोठ्याने, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मारे नथी जवुं." (मला नाही जायचं.)

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली.

"बेस, दीकरा," मामी मला म्हणाली. "चा पीने जा." (बस, बाळा. चहा पिऊन जा.)

मी बसलो. दुसरं काय करणार? ती बसली होती त्याच झोपाळ्यावर, तिच्या शेजारी. तिने डाव्या पायाने झोका दिला. आता काय बोलायचं? मला गुजराती सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते मराठीतच बोललो, "पण बा, मला तुम्हाला आणायला पाठवलंय. मी रिकाम्या हाताने जाऊन काय सांगू?"

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत खरं वाक्य, आणि त्यावर सभागृह खो खो हसलं.

"सांग," मामीही मराठीतच म्हणाली, "म्हातारी कामात आहे."

टाळ्या थांबेनात. पडदा पडला तेव्हा आम्ही दोघं झोके घेत होतो.

पडदा पडताच, कोणी जवळ यायच्या आत, मी तिला धरून उठवलं. जिग्नेशभाईंनी नवा शेवट तिथल्या तिथे पक्का करून टाकला. मी गुडघ्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, तर मामीने माझ्या हाताला असा चिमटा काढला की तो आजही आठवतो. एवढ्यात पोट बिघडलेला ड्रायव्हर खारे शेंगदाणे खात आत आला. तब्येत उत्तम. तिसऱ्या रांगेत बसून त्याने सगळं नाटक पाहिलं होतं.

घरी परतताना रिक्षात मी मामीला सरळ विचारलं. "त्या ड्रायव्हरला तुम्हीच काम करू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो."

"का?"

"काल तू सगळं सांगितलंस, तेव्हा मला मागच्या खोलीचा मोह पडला, अरविंद. खोटं नाही बोलत. रोज जिने चढते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. म्हटलं, याला एकदा उजेडात उभं करून 'चला' म्हणू दे. पोटातून उठावंसं वाटलं तर उठायचं आणि खरंच तुझ्याबरोबर जायचं."

"मग? पाय आखडला म्हणून राहिलात?"

"पाय आखडला तेव्हा काहीही बोलता आलं असतं. पडदा पाडा म्हणता आलं असतं. तोंडातून निघालं ते 'नथी जवुं'." ती हसली. "मलाही तेव्हाच कळलं."

मी माझं भाषण तिथेच रिक्षात सोडून दिलं.

पण मीही विमावाला. सोमवारी तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तिथे या बाईने केबिनच्या दारातून खुर्चीपर्यंत अशी काही ठुमकत चाल केली की तरुण डॉक्टर म्हणाले, "माँजी, तुम्हाला तर काहीच झालेलं नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, त्या नटी आहेत. आता त्यांना परत दारापर्यंत जायला सांगा." अर्ध्या वाटेत नाटक संपलं. क्ष-किरण फोटो काढला. मुका मार केव्हाच बरा झाला होता, गुडघा मात्र झिजला होता. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया, तोवर पट्टा, जिने कमी, उभं राहून काम बंद.

"बसून चालेल?" मामीने विचारलं.

"बसून कितीही."

"झालं तर," ती म्हणाली. मी तिच्यासाठी खालच्या मजल्यावरची एक खोली बघितली. घरमालक तयार नव्हता. त्याची समजूत मी घातली. निदान एका माणसाच्या बाबतीत माझी विद्या चालली.

मंगळवारी उधन्याहून गाडी पकडली. मामी स्टेशनवर आली नाही, तिची तालीम होती. नव्या शेवटासाठी जिग्नेशभाईंनी ड्रायव्हरचं काम वाढवलं होतं, आणि शेंगदाणेवाला नट मराठी वाक्यं पाठ करत फोनवर मला उच्चार विचारत होता. खिडकीतून ऊस मागे जात होता. मला वाटत होतं, गावी आली असती तर मामी दोन दिवसांत म्हातारी झाली असती. औषधाच्या वेळा, पायाला तेल, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चौकशा. सुरतेत ती म्हातारीचं काम करते. त्यासाठी तिला रोज चांगलं ताजंतवानं राहावं लागतं. हे आईला कसं पटवायचं, याची जुळवाजुळव मी नंदुरबारपर्यंत करत होतो.

दारात आई उभीच होती. तिने माझ्या मागे पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"नाही आली ना?"

मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. गुडघा, झोपाळा, शस्त्रक्रिया, खालची खोली. उन्हाळ्यात तिच्याजवळ राहायला तुलाच जावं लागेल, हेही सांगितलं. आई पोळ्या लाटत ऐकत होती. आता संतापणार म्हणून मी दाराजवळच बसलो होतो.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "वहिनी जागेवरून उठलीच नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या?"

"हो."

"मी पन्नास वर्षं या चुलीपुढून उठले नाही. मला कोणी एक टाळी वाजवली नाही."

मी वाजवली. चांगली जोरात, सभागृहात वाजतात तशी. आईने लाटणं उगारलं, पण ते खाली ठेवायच्या आधीच तिला हसू फुटलं.